महिषासुराची दाढ

फळ्यावर एका नामशेष हत्तीची दाढ काढता काढता मार्तंडचा हात थांबला. दाढ तशी अवघड नव्हती. टेबलावर डस्टरच्या ओझ्याखाली इंग्रजी पुस्तक उघडं पडलं होतं आणि त्यातल्या चित्राकडं एक डोळा ठेवून तो खडू ओढत होता. विटेसारखी लांबट दाढ, तिच्या माथ्यावर शेतातल्या सऱ्यांसारखे एकाला लागून एक उंचवटे. वर्गाकडं पाठ असल्यामुळं मागं जे चाललं होतं ते चाललं होतं; विज्ञानाच्या तासाला मागच्या बाकांवर चिंचोके खेळायची या शाळेची जुनी प्रथा होती, आणि मार्तंड काही प्रथांच्या आड येणारा माणूस नव्हता. शेवटच्या उंचवट्यापाशी आल्यावर त्याच्या हातानं आपणहून एक खाच काढली. अर्धचंद्रासारखी, अंगठा बसेल एवढी. त्यानं पुस्तकात पाहिलं. पुस्तकात खाच नव्हती. पुन्हा पाहिलं, तरी नव्हती. मग तो ती पुसायला गेला, तर खडूची भुकटी उडून ओठावर बसली, ती त्यानं नकळत चाटली, आणि त्या कोरड्या मातकट चवीसरशी तो पुसायचं विसरला. ही चव त्याची फार जुनी ओळखीची होती. मास्तरकीच्याही मागची, शाळेच्याही मागची, जिथून माणसाला काही आठवणं शक्यच नाही असं शास्त्र सांगतं त्या काळातली. खाच कुठली ते मग त्याला उमगलं. ती घरची होती. तुळजापुरातल्या त्याच्या घरी, देव्हाऱ्यात, देवीच्या टाकांच्या मागं लाल खणात गुंडाळून ठेवलेल्या महिषासुराच्या दाढेची.

"सर, मग त्या हत्तींचं काय झालं?" कुणीतरी विचारलं.

"संपले."

"कशानं, सर?"

"टिकले नाहीत," मार्तंड म्हणाला, आणि खाच न पुसताच खुर्चीत बसला.

एवढी वर्षं तो उत्क्रांती शिकवत होता आणि एवढी वर्षं एका हत्तीबरोबर एका छपराखाली राहत होता. दोघांची गाठ पडली नव्हती. खरं तर उत्क्रांतीही त्याच्याकडं जरा आडवाटेनंच आली होती. हैदराबादला कॉलेजात असताना ती त्यानं उर्दूत शिकली होती, तेव्हा तिचं नाव इर्तिका होतं. मग पोलीस ॲक्शन झालं, निजाम गेला, शाळा मराठी झाल्या, आणि मार्तंडला एका उन्हाळ्यात सगळं विज्ञान डोक्यातल्या डोक्यात एका भाषेतून दुसऱ्या भाषेत हलवावं लागलं, भाड्याच्या घरातलं सामान हलवावं तसं. काही भांडी वाटेत फुटली. गणिताचे चाँदपाशा मास्तर त्याच्याच बरोबरीनं हलले होते. शिक्षकांच्या खोलीत ते त्याला म्हणायचे, "मार्तंडराव, निजामाच्या राज्यात बंदर होता, आता माकड झालं. इर्तिका म्हणतात ती हीच." आज मात्र खोलीत आल्या आल्या त्यांनी मार्तंडच्या तोंडाकडं पाहिलं आणि पानाचा डबा पुढं केला. "काय झालं? कुणी पुन्हा तक्रार केली?"

"नाही. आमच्या देव्हाऱ्यात हत्ती निघाला."

चाँदपाशांनी सुपारी कातरता कातरता विचार केला. "निघाला तर निघाला. पण बाहेर काढताना घर पडणार नाही एवढं बघा."

दाढ घरात कशी आली याची हकीकत मार्तंडनं लहानपणापासून ऐकली होती. लोहाऱ्याकडचा महांतप्पा नावाचा एक यजमान होता, पणजोबांच्या वेळचा. ओढ्याची दरड कोसळली तेव्हा त्याला ती सापडली. बैलानं पुढं पाऊल टाकायला नकार दिला, म्हणून त्यानं खाली पाहिलं, तर चिखलातून ही वर आलेली. एवढी मोठी दाढ कुणाची असणार? देवीनं महिषासुराला मारलं तेव्हा त्याच्या तोंडातून उडून पडलेली, यात महांतप्पाला शंका नव्हती आणि पणजोबांना तर नव्हतीच. नवरात्रात तो ती डोक्यावर घेऊन तुळजापूरला चालत आला आणि उपाध्यायाच्या ओटीत घालून मोकळा झाला. तेव्हापासून घराण्याचा रिवाज पडला. लेकराच्या हिरड्या फुगल्या, तोंडातून लाळ गळू लागली, की मंगळवार बघायचा, सहाणेवर देवीचं तीर्थ घ्यायचं, त्यात दाढेचे वळसे द्यायचे आणि ते पाणी सोन्याच्या अंगठीनं लेकराच्या जिभेवर ठेवायचं. असुराच्या दाढेला भिऊन लेकराचे दात मुकाट्यानं बाहेर येतात. उगाळून उगाळून तिच्या एका कडेला अंगठ्याची खाच पडली होती. मार्तंडला आता वाटलं, त्या जनावरानं जन्मभर गवत चघळून जेवढी झिजवली नसेल तेवढी ती आपल्या घराण्यानं पोरांसाठी झिजवली. आपल्याही पोटात तिचा एक वळसा गेलेला आहे. ज्याच्या वंशात कुणी उरलं नाही अशा जनावराचा चुना आपल्या हाडांत मुरलाय. ही कल्पना त्यानं शास्त्रीय कुतूहलानं मनात घेतली आणि कुतूहल संपल्यावर ती जायचं नाव घेईना.

कारण दाढेचा सगळ्यात मोठा पुरावा तो स्वतःच होता. त्याच्याआधीची भावंडं वर्ष पुरं करू शकली नव्हती. त्यांची नावंसुद्धा घरात कुणी घेत नसे, आई, म्हणजे कस्तुराबाई, फार तर "ती" म्हणायची, "तीसुद्धा तुझ्यासारखीच गोरी होती." मग मार्तंड झाला आणि तगला. का तगला? आळीत कुणालाही विचारा. "दाढेनं तगला बघा." बाकीच्यांनाही हीच दाढ दिली होती की, असं विचारायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. जगला तो दाढेच्या पदरात पडला, गेली ती देवीच्या इच्छेत गेली, आणि हिशेब कसा चोख बसला होता. मार्तंड वर्गात पोरांना सांगायचा की निसर्गात उरतात त्यांचेच सांगाडे आपण मोजतो, तेव्हा निष्कर्ष काढताना जपावं. पोरं लिहून घ्यायची. घरी आल्यावर आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायची, "माझा दाढेचा लेक," आणि तो पायजमा बदलायला आत जायचा.

शाळेतल्या तक्रारीचं प्रकरण फळ्यावरच्या दाढेच्या थोडं आधीचं. देवीच्या गावात मास्तर माणसाला माकडाची अवलाद म्हणतो, असं कुणीतरी शाळेच्या कमिटीवरच्या बसवराज शेटजींच्या कानावर घातलं होतं. शेटजी भुसारवाले, त्यांना जगात सगळं तडजोडीनं मिटतं असा अनुभव होता. ते स्वतः चालत शाळेत आले, मार्तंडच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, तुमी शिकवताव ते बराबरच असंल. सरकारनंच छापलंय म्हणल्यावर आमी कोण बोलणारे? माकड शिकवा. पर मंगळवारी नका शिकवू." तेव्हापासून वेळापत्रकात मंगळवारी वनस्पती आल्या. वनस्पतींबद्दल गावाचं काही म्हणणं नव्हतं. पण हसण्यावारी गेलं ते पुरुषांत. पाणवठ्यावर आणि देवळाच्या पायऱ्यांवर निराळं बोललं जात होतं, आणि ते चंद्रप्रभाच्या, मार्तंडच्या बायकोच्या, कानावर बरोबर पडेल अशा बेतानं बोललं जात होतं. शेजारची दगडाबाई एकदा लेकीच्या पोराला घेऊन दाढेसाठी दारात आली. अण्णांनी, मार्तंडच्या वडिलांनी, नेहमीप्रमाणं सांगितलं की दाढ घरच्याच लेकरांना चालते, बाहेर दिली की तिचा गुण जातो. हा नियम पूर्वी नव्हता. अण्णांनीच केव्हातरी काढला होता, आणि गावानं त्यांना चिक्कू ठरवलं होतं. "ठेवा मग जपून," दगडाबाई पायरी उतरता उतरता म्हणाली. "घरात नास्तिक पोसायचा आन देवीच्या वस्तूवर बसायचं. द्येवी बघतीया म्हणावं. तिला घाई न्हाय." शेवटचं वाक्य चंद्रप्रभानं रात्री मार्तंडला जसंच्या तसं सांगितलं, आणि मार्तंड हसला. ते हसणं त्याला जरा मोठं झालं, उसना सदरा व्हावा तसं.

अण्णांशी त्याचा वाद कधी झालाच नाही, ही एक विचित्र गोष्ट होती. अण्णा, म्हणजे दत्तोपंत, पिढीजात उपाध्ये. यजमानांचे संकल्प सांगून आवाज खोल गेलेला. देवळात कुणी छेडलं, "पंत, तुमचे चिरंजीव म्हणे आपल्याला माकडाची पोरं म्हणतात?" तर ते शांतपणे म्हणायचे, "आपल्याला एकट्यांना नाही. सगळ्यांनाच म्हणतो." एकदाच, मार्तंडच्या लेकीचं, नीलाचं, बारसं होऊन गेल्यावर, अण्णा चिंचेनं पळी-पंचपात्र घासत बसले असताना त्यांनी आपण होऊन विषय काढला होता. "मार्तंडा, ते तुझं काय असतं, मला एकदा सांग बरं." मार्तंडनं सांगितलं. जगू शकतील त्याहून कितीतरी जास्त जीव जन्माला येतात. सगळे सारखे नसतात. हवा, पाणी, रोग यांत जे निभावतात ते उरतात.

"आणि बाकीची?"

"बाकीची जातात."

"त्यांचं काही चुकलेलं असतं?"

"चुकलेलं नसतं, अण्णा. नुसतं तसं होतं."

"आईबापांचं?"

"आईबापांचं काय चुकायचंय? कुणाचंच काही नसतं त्यात."

अण्णांनी पळी उलटी करून पाणी निथळू दिलं. मग म्हणाले, "चांगलं आहे. आमच्या पोथीत एवढी सोय नाही." मार्तंडला वाटलं होतं, म्हातारा टोमणा मारतोय.

फळ्यावरच्या दाढेनंतर त्यानं घरी सांगून टाकलं. देव्हाऱ्यातून दाढ काढली, पुस्तकातलं चित्र शेजारी ठेवलं, सऱ्यांना सऱ्या लावून दाखवल्या. ही हत्तीच्या जातीच्या जनावराची आहे, ते आता पृथ्वीवर नाही, आणि ही औरंगाबादच्या कॉलेजात द्यायला हवी. त्याच्या मनात एक लहानशी जाहीर सभा भरली होती. त्यात त्यानं भाषणही केलं होतं. कस्तुराबाईंनी चित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे खरंच की रे! अरे, महिषासुरानं लढताना हत्तीचं रूप घेतलं होतं. पोथीत आहे. तेव्हाची असेल ही." आणि पुस्तकालाही हळदकुंकू लावलं. पानावर हत्तीच्या बरोबर कपाळावर कुंकू उमटलं. चंद्रप्रभा तोंडाला पदर लावून हसली. अण्णा मात्र हसले नाहीत. ते फक्त म्हणाले, "नेणार असशील तर लवकर ने." आईनं कपाळाला हात लावला. "काहीतरीच! नीलाचे दात यायचे आहेत अजून."

नीला. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी, नवस, डॉक्टर, आणि नवसही नको नि डॉक्टरही नको अशा सगळ्या अवस्थांतून गेल्यावर झालेली. अजून वर्षाची व्हायची होती. ती झाली तेव्हा मार्तंडनं तिच्या मुठीत बोट दिलं आणि तिनं ते गच्च धरलं. लोंबकळण्याची ही जुनी सवय, झाडांवरच्या दिवसांतली, हे त्याला माहीत होतं. पण माहीत असून त्याचे डोळे भरून आले होते. चैत्र सुरू झाला, डोंगरावरून गरम वारा उतरू लागला, विहिरींची पाणी तळाला गेली, आणि नीलाच्या हिरड्या फुगल्या. आधी नुसती चिडचिड, मग अंग कोमट, मग जुलाब, मग ताप. कस्तुराबाईंनी मंगळवार मोजायला सुरुवात केली. अण्णांनी पंचांग उघडलं आणि म्हणाले, या मंगळवारी भद्रा आहे, मुहूर्त नाही. पुढच्या मंगळवारी म्हणाले, चंद्र आठवा आहे. कस्तुराबाईंचा आवाज चढला. "लेकराला आठवा चंद्र दिसतोय होय? मार्तंडाच्या वेळी बरं घाईनं केलंत." अण्णांनी पंचांग मिटलं आणि उपरणं झटकून बाहेर गेले. मार्तंडला बापाचं आश्चर्य वाटलं. म्हाताऱ्याला दाढ झिजण्याची एवढी भीती? नातीपेक्षा दगड जड?

तो आणि चंद्रप्रभा एसटीनं धाराशिवला गेले. सरकारी कागदांवर उस्मानाबाद, तोंडात धाराशिव. दोन्ही गावांत उन्हाळा सारखाच होता. डॉक्टरनं नीलाच्या तोंडात बोट घालून पाहिलं, पोट दाबलं, गुलाबी औषधाची बाटली दिली, पाणी उकळून द्या म्हणाला. "आणि?" मार्तंडनं विचारलं. "आणि वाट बघायची, मास्तर. दात येताना होतं असं. बरीच पोरं निभावतात." परतीच्या वाटेवर एसटीच्या पत्र्याला डोकं टेकून मार्तंड त्या शब्दाशी खेळत बसला. बरीच. हा शब्द तो स्वतः वर्गात वापरत आला होता. बऱ्याच जाती टिकल्या. बरीच पिलं मोठी होतात. वर्गात त्या शब्दाला धार नव्हती. इथं चंद्रप्रभाच्या मांडीवर तो शब्द धापा टाकत पडला होता, आणि त्याच्या पापण्या अर्ध्याच मिटत होत्या. बाहेर काळ्या रानांत ढेकळं तापून पडली होती. त्याला वाटलं, त्या ढेकळांखालून काहीतरी चालत आपल्या एसटीबरोबर येतंय. घाई न करता. मोठं, केसाळ, ज्याला आपण संपलोय हे कुणी सांगितलेलं नाही असं. त्याच्या जबड्यात एक दाढ कमी आहे, आणि ती कुठं आहे हे त्याला ठाऊक आहे. मार्तंडनं खिशातून रुमाल काढून मान पुसली. उष्णतेमुळं भास होतात, हे त्याला शास्त्रानं माहीत होतं. शास्त्रानं माहीत असण्याचा एक त्रास असा की भास तरीही होतात.

गुलाबी औषध निम्मं झालं तरी ताप हलेना. गावात बोललं जायला लागलं. आता कुणी टोमणे मारत नव्हतं, हे जास्त वाईट होतं. दगडाबाई एका सकाळी भाकरीचं पीठ घेऊन आली, नीलाच्या अंगावरून मीठमोहऱ्या उतरून टाकल्या आणि पायरी उतरून गेली. बसवराज शेटजींनी रस्त्यात विचारलं, "लेकरू कसं हाय, सर?" आणि उत्तराची वाट न बघता पायाकडं पाहिलं. चाँदपाशा घरी आले, दारातच चपला काढून उभे राहिले. "आमच्या शरिफाबीनं दर्ग्याला चादर बोलली आहे. तुम्हाला चालणार नाही माहिताय. पण बोलून झाली आता, परत घेता येत नाही." मार्तंडला चालत नव्हतं असं नव्हतं. त्याला आता काय चालत नाही, हेच त्याला आठवेना. पाढा म्हणताना मध्येच एक घर विसरावं, तशी त्याच्या डोक्यातली एक पायरी गळाली होती, आणि तिच्या जागी ती अर्धचंद्राची खाच होती. आणि जिभेवर चव. कोरडी, मातकट. आपण तगलो. काही का असेना, आपण तगलो.

त्या दुपारी घर फार शांत होतं. अण्णा देवळात गेले होते. कस्तुराबाई देवीची ओटी भरायला. चंद्रप्रभा रात्रंदिवस जागून भिंतीशी बसल्या बसल्या झोपली होती, तोंड उघडं, हात पाळण्याच्या दोरीवर तसाच. नीला जागी होती. रडत नव्हती. गेले दोन दिवस तिनं रडणं सोडलं होतं आणि नुसती छपराकडं पाहत होती, तिथं काहीतरी वाचता येण्यासारखं लिहिलंय अशी. मार्तंडनं तिच्या कपाळाला हात लावला आणि काढला. मग तो उठला. देव्हाऱ्यापाशी गेला. आपण काय करतोय याची त्यानं स्वतःला नीट समजूत घातली, वर्गातल्या मंद मुलाला घालावी तशी. हा एक प्रयोग आहे. यात कॅल्शियम आहे, फॉस्फेट आहे. फार तर उपयोग होणार नाही. आईला बरं वाटेल. त्याची सगळी कारणं बरोबर होती. फक्त चंद्रप्रभा झोपलीय ना हे त्यानं आधी बघून घेतलं, आणि प्रयोग करणाऱ्याला असं चोरून बघावं लागू नये. त्यानं खण सोडला. दाढ अपेक्षेपेक्षा गार होती, दुपारच्या त्या भट्टीतसुद्धा. सहाणेवर पंचपात्रातलं तीर्थ घातलं आणि खाचेची बाजू वर करून वळसा दिला. घर्र, असा आवाज झाला. जबड्यात जबडा फिरावा तसा. अंगठा खाचेत नेमका बसला. कितीतरी अंगठे तिथं बसले होते, तो शेवटचा. पाणी करडं झालं. त्यानं बोट बुडवून आधी स्वतःच्या जिभेला लावलं.

चव ओळखीची नव्हती.

ती खारट होती, गंजलेल्या लोखंडासारखी, आणि जिभेच्या कडेला चरचरली. मार्तंड थांबला. थांबायला एवढा अवकाश त्याला मिळाला होता. पुढं कधीही आठवलं तरी हा थांबलेला क्षण त्याला स्पष्ट दिसणार होता. मग नीलानं पाळण्यात एक लहानसा उसासा टाकला, आणि त्यानं घाईघाईनं बोटातली अंगठी काढली, पाण्यात बुडवली आणि तिच्या ओठांत धरली. एकदा, आणि पुन्हा. पुरेल की नाही म्हणून शेवटी बोटच दिलं. तिनं ते चोखलं. खालच्या हिरडीवर काहीतरी बारीक, धारदार त्याच्या बोटाला लागलं. दात आला होता. आपणहून, केव्हातरी, कुणालाही न भिता आला होता.

"काय करतोयस?"

अण्णा दारात उभे होते. उपरणं खांद्यावरून घसरलेलं. त्यांची नजर ओल्या सहाणेवर होती.

"उगाळलीस?"

"हो."

"दिलीस?"

मार्तंडनं मान हलवली. लहानपणी चोरी सापडल्यावर करायचा तसं तो हसायला गेला. "अण्णा, शेवटी काय, थोडा चुनाच तो. आणि मलाही दिलीच होती की."

अण्णा पाटावर बसले. "तुला दिली नव्हती रे," ते म्हणाले. आवाज खाली होता, चंद्रप्रभा जागी होऊ नये एवढा. "तुझ्याआधीच्या सगळ्यांना दिली. यथासांग. मंगळवार बघून. थोरला गेला, मी म्हटलं देवीची इच्छा. मग ती गेली, तेव्हाही म्हटलं. मग आणखी एकाच्या वेळी म्हणायला तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. मी काही शिकलेला नाही. मला एवढंच वाटलं, एकदा न देऊन बघावं."

"मग मला काय दिलंत?"

"खडू. शाळेतल्या मास्तरांकडून तुकडा मागून आणला होता. हातात दाढ धरली, तळहाताखाली खडू, आणि तोच फिरवला. तुझी आई समोर डोळे मिटून हात जोडून बसली होती." अण्णांनी पाळण्याकडं पाहिलं नाही. "तू जगलास. आता ती दाढेनं गेली का त्यांचं त्यांचं झालं, मला काय ठाऊक? पुन्हा बघायला पोर झालं नाही."

"अण्णा, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? तिला?" म्हातारा पहिल्यांदाच मार्तंडच्या डोळ्यांत पाहत होता. "तिनं स्वतःच्या बोटानं चाटवली होती, मार्तंडा. सगळ्यांना. अंगठीत पुरेशी येत नाही म्हणून."

मार्तंडनं आपलं बोट मुठीत घेतलं. ते अजून ओलं होतं.

"बाहेरच्यांना नाही म्हणून म्हणून चिक्कू झालो. मुहूर्त टाळून टाळून पंचांग फाटलं. म्हटलं, जाऊ दे. मार्तंडा शिकलाय. गावात दुसरं कुणीही उगाळेल, हा काही उगाळायचा नाही." अण्णांनी सहाण हळूच स्वतःकडं ओढली, जणू अजून त्यात काही आवरण्यासारखं होतं. "तुझ्या भरवशावर होतो रे मी."

दारात बांगड्या वाजल्या. कस्तुराबाई ओटीचं ताट घेऊन आत आल्या. त्यांनी सोडलेला खण पाहिला, सहाण पाहिली, मार्तंडचा चेहरा पाहिला आणि जे समजायचं ते समजल्या. ताट त्यांनी घाईनं खाली ठेवलं. "दिलीत? माझ्या माघारी दिलीत? दिलीत ते बरं केलंत गं बाई. आई भवानीनं बुद्धी दिली माझ्या लेकाला." डोळे पुसत त्या पाळण्यापाशी वाकल्या आणि नीलाच्या कपाळावर, गालावर, पावलांवर हात फिरवू लागल्या. चंद्रप्रभा दचकून जागी झाली. "काय झालं? आई, काय झालं?"

"काही नाही गं. बघ, कसं अंग निवलंय लेकराचं." कस्तुराबाईंचा आवाज आनंदानं कापत होता. "निपचित झोपलीय बघ. गारगार झालीय नुसती."

अण्णांनी मार्तंडकडं पाहिलं, मार्तंडनं अण्णांकडं. त्या दोघांतला एक जन्मभर देवीच्या पायाशी बसलेला होता आणि एक जन्मभर शास्त्र शिकवत आलेला. गारगार म्हणजे किती, हे हात लावून बघायला त्यांच्यातलं कुणीच पुढं झालं नाही.